सोंडेतली मोळी

माणसांनी नकाशे काढायच्या कितीतरी आधीची गोष्ट. टेकडीवरच्या एकाच बिळावर साळिंदर आणि ससा दोघंही हक्क सांगत. "माझ्या पणजोबांनी खणलंय," साळिंदर म्हणे. "माझा जन्मच इथला," ससा म्हणे.

नदीपलीकडचे बलाढ्य हत्तीदादा दरवर्षी समेट घडवायला येत. येताना लाडक्या साळिंदराला अंगात खोवायला जादा काट्यांची मोळी आणत आणि सशाला एक गाजर. मग म्हणत, "चला, गळाभेट घ्या!" साळिंदर काटे फुलवी, ससा त्याच्या डोळ्यांत माती उडवी. "ऐकतच नाहीत लेकाचे!" म्हणत दादा परतत.

एकदा पूर आला आणि दादा पलीकडेच अडकले. इकडे पावसानं दोघांना एकाच बिळात कोंडलं.

"काटे जरा मिटतोस का?" सशानं विचारलं.

"तू माती उडवणार नसशील तर!" साळिंदर म्हणाला.

पूर ओसरल्यावर दादा मोळी घेऊन हजर! बघतात तर दोघं मिळून बिळाला दुसरं दार खणत होते, पण मध्येच एक भलीमोठी शिळा आडवी आली होती.

"बरे आलात, दादा! एवढी शिळा उचला. ते तुम्हालाच जमेल," दोघं एका सुरात म्हणाले.

दादांनी मोळीकडे पाहिलं, शिळेकडे पाहिलं. सोंड तर एकच होती!