सुतळी तोडणारा नायक

फार फार वर्षांमागं घाटाच्या अलीकडं बारा गावांचा एक मुलूख होता. मुलखाला एक नायक होता, तो राजाच्या पोटचा नव्हे, लोकांनी निवडलेला. एक होते थोरले पंच, त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. एक होता टाकीवाला म्हादू, आणि एक होती त्याची बायको धुरपा. जात्याचा दगड झिजून गुळगुळीत झाला की छिन्नीनं ठोकून तो पुन्हा खरखरीत करायचा, म्हणजे जात्याला टाकी लावायची. हेच दोघांचं पोट. घर नाही, दार नाही. आज या वेशीबाहेर पाल, उद्या त्या वेशीबाहेर.

घाटाच्या पलीकडं दुसरं राज्य. दोन्हीकडच्या लोकांत एक जुनी रीत होती. पहिला नांगर धरला की तलवारी, भाले, सगळं गोळा करायचं आणि घराच्या आढ्याला सुतळीनं बांधून टाकायचं. मळणी होईतो ती सुतळी कुणी तोडायची नाही. आजे-पणजे तसंच वागले. या रीतीवर लोकांचा एवढा भरवसा, की पेरणीच्या दिवसांत घाटावर पहारासुद्धा नसे.

आणि ऐन पेरणीत नायकानं सुतळी तोडली.

कुणाला विचारलं नाही, सभा बोलावली नाही. शंभर माणसं घेऊन पहाटे घाट ओलांडला, पलीकडची कोठारं जाळली आणि घाटातली खिंड अडवून बसला. त्यात आपली सात माणसं गेली.

सगळा मुलूख सुन्न झाला. हातातलं बियाणं हातात राहिलं. बाया पाण्याला गेल्या त्या आडावर नुसत्या उभ्या राहिल्या, घागर भरायचं कुणाला सुचेना. आपल्यातल्याच माणसानं, आपणच निवडलेल्यानं, असं करावं? चोरानं चोरी केली तर माणूस रागावतो. राखणदारानं केली तर माणसाची वाचाच जाते.

चौथ्या दिवशी सभा बसली. खिंडीवर माणसं ठेवून नायक एकटाच आला.

थोरल्या पंचांनी विचारलं, "नायका, सुतळी कुणी तोडली?"

"मी."

"का तोडली?"

"कारण आहे, आबा. आज सांगता येत नाही."

"सात चिता पेटल्या आणि तुला सांगता येत नाही?"



मेलेल्या एका शिपायाची आई उठली. ती रडली नाही, तिनं शांतपणे विचारलं, "लेकरा, माझ्या पोराला तू खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होतीस. त्याला कशासाठी नेलंस, एवढं तरी सांग."

नायकानं वाकून तिच्या पायाला हात लावला.

थोरले पंच म्हणाले, "मग पागोटं उतरव. खिंडीवरची माणसं आज माघारी बोलवू आणि पलीकडच्यांची माफी मागू."

नायकानं पागोट्याला हात घातला. आता गंमत बघा. मुलखाचा एवढा मोठा माणूस, पण त्या वेळी त्याची नजर गेली ती पार मागं, चपलांच्या ढिगाजवळ बसलेल्या धुरपाकडं. नजरेनंच तो तिला सांगत होता, बोलू नकोस.

बोलावं, तर नवऱ्याचा जीव जातो. न बोलावं, तर खिंड मोकळी होते आणि बारा गावं जातात.

ती उठली. म्हणाली, "आबा, आधी वेस बंद करा. इथं बसलेल्यातलं कुणी बाहेर जायचं नाही. मग सांगते."

कुणीतरी हसलं. "टाकीवालीचा तोरा बघा."

"तोरा नाही, दादा. माझा नवरा अजून पलीकडं बसलाय."

पंचांनी वेस लावून घेतली.

धुरपा सांगू लागली. "महिन्यामागं आम्हांला पलीकडनं बोलावणं आलं. दोनशे जात्यांना टाकी लावायची होती, तीही एकदम. पेरणीत कोण टाकी लावून घेतं?"

"लग्न असेल कुणाचं," पंच म्हणाले.

"त्या जात्यांवर सातूचं पीठ दळत होते, आबा. तुमच्याकडं लग्नात सातू वाढतात होय?"

सातूच्या पिठाला चूल लागत नाही. पाण्यात कालवलं की झालं. ते वाटेवर खायचं, दूरच्या वाटेवर.

"मी शिवारातनं चालत आले," धुरपा म्हणाली. "पलीकडं नांगराची एक रेघ ओढलेली नाही. बैलांच्या मानेवर जुवाचा वळ नाही. मी दळणाऱ्या बाईला विचारलं, बाई, तुम्ही पेरायचं कधी? ती म्हणाली, 'पेरतील घाटापलीकडचे. अवसेला आमची माणसं उतरणार. मळणी आम्ही करू.'"

अवस दोन दिवसांवर होती.

"दोघं एकदम निघालो असतो तर त्यांना संशय आला असता. म्हणून धनी तिथंच ठोकत बसले, मी आले. नायकदादांनी मला शब्द दिला, तुझा माणूस येईतो तुझं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. सभा बोलावली असती तर नेहमीसारखे पलीकडचे व्यापारीही ओसरीला बसले असते आणि बातमी तिकडं गेली असती. आबा, त्यांची सुतळी आधीच तुटली होती. आपण आढ्याकडं बघत बसलो होतो."

मग त्या शिपायाची आईच पुढं आली. नायकाचं सुटलेलं पागोटं तिनं पुन्हा खोचलं आणि म्हणाली, "हे आधी कळलं असतं तर मी स्वतः पोराच्या हातात भाला दिला असता."

अवसेला बारा गावांचे पुरुष खिंडीत उभे होते. पलीकडच्यांची शिदोरी जळून गेलेली. उपाशी पोटी घाट कोण चढणार? आठ दिवसांनी त्यांनीच तह मागितला. संशय नको म्हणून नायकानं एकट्या म्हादूचं नाव घेतलं नाही. आमच्या मुलखाची जेवढी माणसं तुमच्याकडं आहेत, तेवढी सगळी आधी द्या, असं म्हणाला. कुंभार आला, घोंगडीवाला आला, आणि सगळ्यांत शेवटी म्हादू.

धुरपाला बघून म्हणाला, "दोन जाती अर्धीच राहिली बघ."

"राहू देत," धुरपा म्हणाली, आणि मग इतक्या दिवसांचं रडू तिला एकदम आलं.

नायकानं त्या वर्षी आपल्या शेतात पाऊल टाकलं नाही. मेलेल्या सात जणांची शेतं त्यानं स्वतः नांगरली आणि पेरली. त्यांतल्या एका घरानं त्याला कधीच पाणी विचारलं नाही. त्याची त्यानं तक्रार केली नाही.

म्हादू-धुरपाला बारा गावांनी मिळून वेशीच्या आत जागा दिली. कुणी लाकूड आणलं, कुणी माती तुडवली. जन्मभर पालात राहिलेल्या त्या दोघांनी पहिल्यांदा स्वतःच्या दाराला कडी लावली, आणि पुढच्या वर्षी त्या घरात पाळणा हलला.

रीत माणसांच्या राखणीसाठी असते. रीत राखायची म्हणून माणसं मरू देणारा राखणदार नव्हे.