न पाहिलेलं पाणी

गोष्ट जुनी आहे. किती जुनी, ते सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. एका खाडीच्या तोंडाशी कोळ्यांचं लहानसं गाव होतं, आणि त्या गावात नागूबाय नावाची एक म्हातारी राहत होती.

नागूबाय मासे पकडत नसे. तिचं काम पाणी पाहण्याचं. खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे एका काठाला देऊळ, दुसऱ्या काठाला खारफुटीचं रान आणि मधे वाळूचा मोठा दांडा होता. पावसाळा सरला की तो कधी इकडे सरके, कधी तिकडे, आणि त्याच्या कडेने होड्यांपुरती खोल वाट राही. रोज पहाटे नागूबाय खडकावर चढे, लाटा कुठे फुटतात ते पाही आणि खाली येऊन सांगे, "आज देवळाच्या बाजूने जा," नाहीतर, "आज खारफुटीच्या बाजूने जा." तीस वर्षांत तिचा शब्द चुकला नव्हता. याचा तिला मनातून फार अभिमान होता.

त्या वर्षी थंडीची चाहूल लागली आणि उत्तरेचा वारा सुटला. चार दिवस तो थांबेना. होड्या काठाला अडकून पडल्या. बोंबील सुकवायच्या वलांड्या रिकाम्या राहिल्या, आणि घराघरांतली पेज पातळ होत गेली. पाचव्या पहाटे वारा पडला. पण नागूबाय खडकावर गेली तेव्हा समोर धुकं होतं. दांडा दिसेना, लाट दिसेना, स्वतःच्या हातातली काठीसुद्धा पुरती दिसेना. पाण्याचा आवाज तिला नेहमीपेक्षा वेगळा वाटला. ती कान देऊन उभी राहिली, पण त्यावरून काहीच ठरेना.

खाली माणसं खोळंबली होती. भरती उतरायच्या आत निघायला हवं होतं.

"बाय, पाणी कसं आहे?" पोशाने विचारलं. तो आणि त्याचा धाकटा भाऊ हाशा नेहमी सगळ्यांच्या पुढे असत.

दिसलं नाही, एवढंच तिला म्हणायचं होतं. पण ते शब्द तिने जन्मात कधी उच्चारले नव्हते. सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होते.

"वाऱ्याआधी होतं तसंच आहे," ती म्हणाली. "देवळाच्या बाजूने जा. येतानाही तिकडूनच या."

भरतीच्या पाण्यावर सात होड्या सुखरूप बाहेर गेल्या. नागूबायने सुस्कारा सोडला. ती पेजेला बसली, पण पेज तशीच टाकून उठली, पुन्हा खडकावर जाऊन बसली.

दुपारी धुकं विरलं. ओहोटी लागली होती. नागूबायने देवळाच्या बाजूला पाहिलं. जिथून वाट होती, तिथे वाळूची पाठ उघडी पडली होती. चार दिवसांच्या वाऱ्याने दांडा सरकवला होता. खोल पाणी आता खारफुटीकडून वाहत होतं.

होड्या चढत्या पाण्याबरोबर परतणार होत्या. तोवर वाळूवर गुडघाभर पाणी चढणार होतं. दांडा दिसणार नव्हता, आणि होडी मात्र नक्की अडकणार होती.

गावाला हाक मारायला वेळ होता. पण हाक मारली की लोक विचारणार, सकाळी तू काय पाहिलंस? तिने स्वतःला समजावलं, पाणी लवकर चढेल. आज उधाण असेल. पोशा शहाणा आहे, त्याला कळेल.

जाळं विणत बसलेल्या जोमीने खालून विचारलं, "बाय, पाणी बरं आहे ना?" जोमी ही हाशाची बायको.

"बरं आहे," नागूबाय म्हणाली.

पाणी चढू लागलं. वाळू दिसेनाशी झाली. मग पहिलं शीड दिसलं, आणि ते सरळ देवळाच्या बाजूला वळलं. नागूबाय उठून उभी राहिली. ती ओरडली तोवर होडी वाळूवर चढली होती. मागच्या लाटेने ती आडवी केली, पुढच्या लाटेने उलटवली.

तेव्हा मात्र नागूबाय धावली. "मी सकाळी काही पाहिलं नव्हतं," ती ओरडत होती. "दांडा सरकलाय. त्यांना खारफुटीकडे वळवा." ती लुगड्यासकट पाण्यात शिरली, दांड्याच्या कडेपर्यंत गेली आणि कमरभर लाटांत उभी राहून डोक्यावरचा पदर हवेत हलवू लागली. जोमी तिच्यामागोमाग आली. मग गावातल्या बाया आल्या आणि हातात हात धरून दांड्याच्या कडेने रांगेत उभ्या राहिल्या. मागच्या सहा होड्यांना ती रांग दिसली. त्या वळल्या आणि खोल पाण्यातून आत आल्या.

पोशाला आणि हाशाला बाहेर काढलं. दोघे जगले. पण होडीचे तुकडे झाले होते, आणि हाशाचा उजवा हात तिच्याखाली चिरडला होता. त्या हाताने त्याने पुन्हा कधी वल्हं धरलं नाही.

संध्याकाळी सगळे किनाऱ्यावर जमले. नागूबायने काही न लपवता सांगितलं. पहाटेचंही आणि दुपारचंही.

मग पोशा म्हणाला, "बाय, सकाळी तू दिसलं नाही म्हणाली असतीस तर आम्ही कुरकुरलो असतो आणि घरी गेलो असतो. ते जाऊ दे. पण दुपारी तुला वाळू दिसली होती, आणि जोमीने तुला विचारलंही होतं."

जोमी नागूबायकडे न पाहता नवऱ्याला धरून घरी घेऊन गेली.

गावाने नागूबायला हाकललं नाही. पण तेव्हापासून पहाटे तिच्याबरोबर आणखी दोघं खडकावर जाऊ लागली, आणि तिघांना दिसेल तेच सांगितलं जाऊ लागलं. ज्या दिवशी दिसत नसे, त्या दिवशी होड्या काठालाच राहत. जोमी मात्र पुढे कितीतरी वर्षं नागूबायच्या दारावरून गेली, पण तिने पुन्हा कधी पाणी कसं आहे म्हणून विचारलं नाही.

बोध: जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणावं, आणि चूक कळली की ती त्याच क्षणी सांगावी, कारण आपला मान राखायला घेतलेल्या वेळेची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते.