एकीची खाच दुसरीच्या हाती

बसा पावणं, त्या दगडावर मात्र नको. तळ्याच्या तोंडाशी आहे तो. त्याला दोन खाचा आहेत बघा, नि दोन्हींच्या बुडाशी पांढऱ्या चुन्याचा थर. एका खाचेतलं पाणी वरच्या वाडीला जायचं, दुसरीतलं खालच्या. तो चुना दोघी जावांच्या हेव्याचा आहे.

फार मागं हे तळं त्यांच्या सासऱ्यानं खणलं, असं सांगतात. थोरल्या येसूचं रान वरच्या वाडीत, धाकट्या ठकूचं खालच्या. खाचा म्हाताऱ्यानं सारख्याच पाडल्या. पण येसूला ठकूची हळद रोज अधिक हिरवी दिसायची. "लाडकी ना ती! तिची खाच खोल असणार," म्हणाली, नि छिन्नी घेऊन आपली खाच बोटभर उतरवली. ठकूनं पाहिलं. तिनं दोन बोटं उतरवली. मग सकाळी एकीची छिन्नी, दुपारी दुसरीची. खाच जेवढी खाली जाईल तेवढं तळंही खाली जाणार, हे रागाच्या भरात दोघींनाही सुचलं नाही. ऐन चैतात तळं कोरडं पडलं. तळाशी खणलेल्या झिऱ्यातून वाटी वाटी पाणी उपसायची पाळी आली. गुरं दावणीला हंबरत होती, माणसं गाव सोडायच्या गोष्टी करत होती.

तेव्हा येसूनं कोरड्या तळ्यात उभं राहून पाण्यातल्या देवींना, साती आसरांना हाक घातली, नि तिच्याच अंगात आसरा आली म्हणे.

ठकू पुटपुटली, "बघा, देवसुद्धा हिच्याच अंगात!"

आसरा बोलली, "येसूनं ठकूची खाच बुजवायची, ठकूनं येसूची. नि पाणी सोडताना जिनं बुजवली तिनंच ती उघडायची, दोघींनी एका वेळी."

दुसरीची खाच बुजवायची म्हटल्यावर काय हो! पदर खोचून धावल्या दोघी. चुना असा ठासला, नि उघडतानाही दुसरीला जास्तीचा थेंब असा जाऊ दिला नाही, की पावसाळ्यात तळं काठोकाठ भरलं, नि पुढच्या उन्हाळ्यात तळ काही दिसला नाही. जावांचं मात्र मरेपर्यंत जमलं नाही म्हणतात.

आजही तसंच आहे. नळ आले, व्हॉल्व्ह आले, पण आमच्या खालच्या वाडीची चावी वरच्या वाडीतल्या माझ्या जावेकडं. वरची माझ्या कमरेला. माझ्या नळाला गळती लागली तर माझ्याआधी तिला कळतं. जास्तीचा थेंब मला मिळेल ना! तीच लगेच दुरुस्त करून घेते.

ती बघा, चावी घेऊन पाणी सोडायला निघालीच. उठा पावणं, व्हॉल्व्हपाशी तिच्याआधी पोचायला हवं मला.