डाव्या टाचेचा शाप

एका राज्यात कोणाचीच डावी टाच जमिनीला टेकत नव्हती. राजा चवड्यावर चाले, कुंभार चवड्यावर चाले, नुकते चालू लागलेले लेकरूही लंगडतच पाऊल टाकी. दरबारचा नृत्यगुरू मायाधर म्हणे, "ही माझ्या नाचाची किमया. हिला हंसपद म्हणावे." त्याला मंत्र येत, म्हणून कोणी हसत नसे.

तालमीत लाकडी ठोकळ्यावर काठीने ताल धरणाऱ्या भैरूच्या मात्र अंगाची लाही होई. तो नाच त्याच्या बहिणीने, हंसावलीने बसवला होता. राजवाड्यातले सगळेच नाच ती बसवी. पहाटेपासून मुलींकडून घोटून घेई, आणि मानाची शाल मायाधराच्या खांद्यावर पडे. गेल्या उत्सवाआधी तिची डावी टाच टम्म सुजली. तिने विसावा मागितला.

"तुझ्या टाचेसाठी राजाचा उत्सव थांबेल होय?" मायाधर म्हणाला.

मग तिने डावे पाऊल चवड्यावर घेऊन सारा नाच नव्याने बसवला. तापाने फणफणत नाचली आणि भर दरबारात कोसळली.

"नाच थांबवू नका!" मायाधर ओरडला. राजा गप्प बसला. मुली तिला वळसा घालून नाचत राहिल्या. नाच संपला तेव्हा हंसावलीही संपली होती, आणि त्याच क्षणी साऱ्या राज्याची डावी टाच वर उचलली गेली.

तालीमखान्याच्या आढ्यावर एक साळुंकी राहत असे. ती भैरूला म्हणाली, "रडणे पुरे. तीन कामे कर, म्हणजे हा शाप सुटेल. हंसावलीचे घुंगरांचे चाळ मायाधराने खजिन्याच्या विहिरीत नागाखाली लपवले आहेत, ते आण. आणताना एकही घुंगरू वाजू देऊ नकोस. आणि मायाधर आपल्या हाताने ते बांधेपर्यंत त्याच्यावर हात उगारू नकोस."

"पहिली दोन करीन. तिसरं जमायचं नाही."

"म्हणून तर ते तिसरं."

विहिरीतल्या नागाने विचारले, "हे कोणाचे?"

"माझ्या बहिणीचे."

नागाला खोटे कळते. हे खरे होते, म्हणून तो बाजूला झाला. भैरूने घुंगरांत गाळ भरला, मुक्याने वाट कापली आणि राजवाड्याच्या दाराशी चाळ धुऊन काढले.

"काय रे, ठोकळा बडवणाऱ्या!" मायाधर भर दरबारात हसला. "आता नाचायलाही लागलास?"

"हंसपदाचे चाळ आणलेत, गुरुजी. ज्याचा नाच त्याने बांधावेत."

मायाधराने चाळ ओळखले. पण दरबार बघत होता. बांधता बांधता तो म्हणाला, "पाय बरे होते हो तुझ्या बहिणीचे. डोके मात्र माझे."

भैरूची मूठ वळली. "हात!" त्याच्या मागोमाग उडत आलेली साळुंकी किंचाळली. त्याने मूठ पाठीमागे नेली आणि दात खाऊन उभा राहिला.

मृदंग वाजला. चाळांनी मायाधराची डावी टाच खाली खेचली, आणि हंसावलीची सारी कळ त्याच्या मस्तकात गेली.

"आई गं! ही टाच माझी नव्हे!"

"मग कोणाची?" भैरूने विचारले.

"हंसावलीची!"

"आणि नाच?"

"तिचाच! सारे नाच तिचेच! कोणीतरी थांबवा!"

पाय थांबेनात. तो लोळला तरी पाय नाचत होते. वाजवणाऱ्यांनी राजाकडे पाहिले. राजा उठला.

"नाच थांबवा."

साऱ्या राज्याच्या टाचा धप्पकन जमिनीला टेकल्या. मायाधराचे मंत्र विरले. राजाने त्याच्या खांद्यावरची शाल काढून चाळांवर घातली.

"हा शब्द त्या दिवशी कुठं होता, महाराज?" भैरूने विचारले.

  त्या राज्यात आता नाचणारी पडली की आधी मृदंग थांबतो, आणि सगळ्यांत पहिला उठतो तो राजा.