ठकूसुईणीची थाप

फार जुनी गोष्ट आहे बरं का, आमच्या तांबडदऱ्यातली. ठकूबाई नावाची सुईण होती. असं म्हणतात, तिनं पोटावर नुसता हात ठेवला की आडवं मूलही सरळ व्हायचं.

त्या साली इंग्रजाच्या राज्यावर बंड उठलं. गावातल्या अकरा पोरांनी सरकारी तारा तोडल्या आणि ती सापडली. सगळी ठकूच्याच हातावर जन्मलेली. खुद्द गव्हर्नरसाहेब फौज घेऊन आला, ओढ्यापलीकडच्या बंगल्यात उतरला. फाशीचे कागद तयार झाले, सही तेवढी राहिली. त्यातच सोबत आलेल्या त्याच्या मडमेला अवेळी कळा सुरू झाल्या. डॉक्टर चाळीस कोसांवर. मग काय, बोलवा ठकूला!

पोरांच्या आया म्हणाल्या, "जाऊ नको."

"अडलेल्या बाईला राज्य कुणाचं ते इचारू व्हय?" म्हणत ठकू गेली. दोन दिवस झगडली, पण मायलेकी सुखरूप सुटल्या.

साहेबानं सहीला लेखणी उचलली, तशी ठकू पुढं झाली. ती म्हणाली, "सायेब, पाचवीला सटवाई येती, लेकीच्या कपाळी लिवाया. तवर या घरात दुसऱ्या कुणी लिवायचं न्हाई." मडमेनं साहेबाचा हात धरला. साहेब थांबला.

पाचवीला ठकूनं कोरा कागद आणि साहेबाची लेखणी पाळण्यापाशी पुजली. इथवर रीतीचं होतं. पुढचं तिनं मनचं घातलं. "आता बापानं लिवायचं. पयलं जे लिवाल, त्येच पोरीच्या कपाळी."

असं म्हणतात, साहेबानं तीनदा लेखणी बुडवली आणि तीनदा शाई टोकावरच वाळली. चौथ्यांदा पोर झोपेत हसली. साहेबानं लिहिलं, "अकराही जणांना सोडा."

पोरं घरी आली, आयांनी भाकऱ्या भाजल्या. ठकू मात्र सटवाईच्या देवळात नाक घासत बसली होती. "आई, तुझ्या नावानं थाप मारली गं. मला पदरात घे." सटवाईनं घेतलंच असणार, कारण ठकू शंभरी ओलांडून गेली म्हणतात.

बाकी मुलखात पाचवीचा कागद कोराच ठेवतात. तांबडदऱ्यात मात्र ठकूच्या नावानं बाप त्यावर लिहितो, ज्याच्याशी वैर असेल त्याचं नाव. मग त्याला जेवायला बोलावतो. परवा दामू शेलारानं सख्ख्या भावाचं नाव लिहिलं. बारा वर्षांनी दोघं एका ताटात जेवले.