बिरजाची कावड

ऐका. ही गोष्ट झाडीपट्टीतल्या सावरबोडी गावची. ती इतकी जुनी आहे की तळ्याच्या पाळीवर आज जी चिंच आहे, ती तेव्हा रुजलीसुद्धा नव्हती. ज्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं ते गेले, त्यांच्या तोंडून ज्यांनी ऐकलं तेही गेले. आता उरलोत ते "असं म्हणतात" म्हणणारे.

तर फार फार मागे सावरबोडीत लागोपाठ पावसानं दगा दिला. धान उभ्या जागी करपलं. कोरड्यातही तग धरून राहिली ती एकटी लाखोळीची डाळ. मालगुजाराचे, म्हणजे गावच्या जमीनदाराचे, कोठे लाखोळीनं भरले आणि राबणाऱ्यांना कामाच्या बदल्यात तीच मिळू लागली. सकाळी लाखोळीची भाकर, संध्याकाळी लाखोळीचं वरण. पोट भरत होतं, म्हणून कुणी तक्रार केली नाही. मग त्याच लाखोळीनं एकेकाच्या पोटऱ्या ताठू लागल्या. मग चालताना गुडघ्यावर गुडघा घासू लागला. मग काठी आली, आणि शेवटी काठीचाही उपयोग राहिला नाही. घराघरात धडधाकट छातीची, चांगल्या हातांची माणसं कमरेखाली लाकडासारखी होऊन बसली. मालगुजाराच्या घरी कुणाचेच पाय गेले नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

त्यांच्यातलाच एक खुशाल. जाळी विणावीत तर त्यानंच, असा त्याचा हात होता. पाय गेले तेव्हा ऐन उमेदीत होता. घरचे पहाटे धानाच्या बांधीत कामाला जायचे, जाताना त्याला ओसरीवर टेकवून ठेवायचे आणि दिवस मावळल्यावर परत यायचे. मधल्या वेळात ऊन अंगावर आलं तरी त्याला सरकता येत नसे, आणि बाहेरची लागली तर काय होत असे ते तुम्हीच समजा. खुशालला सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटे.

शेजारच्या घरात बिरजा राहायची. तिचा नवरा भिवा ढिवर तळ्यात बुडून मेला होता. मागे राहिली होती त्याची मासे न्यायची कावड आणि पाय गेलेली म्हातारी आई, तुळसा. एका सकाळी बिरजानं सासूला आंघोळीला तळ्यावर न्यायचं ठरवलं. कावडीच्या एका टोपलीत तिला बसवलं, दांडा खांद्यावर घेतला, तर कावड एकीकडे कलंडली. दुसऱ्या टोपलीत घालायला तिनं दगड शोधला. शोधता शोधता तिची नजर खुशालच्या ओसरीकडे गेली.

"भाऊजी, बसता काय या टोपल्यात? दगड नेण्यापरीस माणूस नेलेला बरा."

खुशाल हसला. कित्येक महिन्यांनी हसला. आणि बसला.

इथून सगळं सुरू झालं. त्यात पुण्य नव्हतं, देव नव्हता. कावडीला दुसऱ्या बाजूला वजन हवं होतं, एवढंच.

पण तळ्यावर अंग धुऊन, कोरडं धोतर नेसून खुशाल सावलीत जाळं विणत बसलेला गावानं पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी बिरजाच्या दारात आणखी माणसं आली. "आमच्या बुढ्यालेही ने ना वं माय." तिनं नेलं. मग आणखी एकाला. खेपेमागून खेपा सुरू झाल्या. ती जोड्या लावायची, वजनाला वजन बघून. जोडीतलं एक मेलं तर दुसऱ्यासाठी टोपलीत दगड ठेवायची, नवा जोडीदार मिळेपर्यंत. न्यायची, धुवायची, मोहाच्या बियांचं तेल कोमट करून ताठलेल्या पोटऱ्यांना चोळायची, सावलीत बसवायची, हाताला काम द्यायची आणि दिवस कलला की एकेकाला घरी पोचवायची. स्वतः कधी जेवायची ते कुणी पाहिलं नाही. ती जेवतच नाही, असं म्हणतात. साफ खोटं आहे. ती उभ्या उभ्या जेवायची, आणि ते फक्त खुशालला ठाऊक होतं.

आता गावाची जीभ. ती कुठे थांबते? बिरजा तळ्यावर आली की मासे वर येऊन तिला वाट देतात, असं म्हणतात. ओल्या मातीत तिची पावलं उमटत नाहीत, असं म्हणतात. एकदा नाल्याला पूर असताना ती कावड घेऊन पाण्यावरून चालत आली आणि टोपलीतल्या माणसांची धोतरंसुद्धा भिजली नाहीत, असं म्हणतात. खुशाल त्या टोपलीत होता. तो गळ्यापर्यंत भिजला होता आणि बिरजा पाण्यात दोनदा पडली होती. पण खुशालला विचारतो कोण?

हळूहळू बाया तिच्या पाया पडू लागल्या. विधवा म्हणून ज्या तिला हळदीकुंकवाला बोलावत नव्हत्या, त्याच आता तिच्या कपाळाला कुंकू लावायला धावू लागल्या. ती "बिरजामाय" झाली. ती वाटेनं निघाली की लोक बाजूला होऊन हात जोडायचे. जोडलेल्या हातांनी काही उचलता येत नाही, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

टोपलीत बसलेल्या खुशालला समोर बिरजाची पाठ दिसायची. दांड्याखाली तिच्या खांद्यावर आधी गाठ आली. मग गाठ फुटली. त्यावर फडकं आलं, आणि फडक्यावर रोज सकाळी नवा डाग असायचा. ती चढावर थांबू लागली, श्वास घेताना तिच्या छातीतून सूं सूं आवाज येऊ लागला.

"वैनी, दुखते का?" त्यानं एकदा विचारलं.

"दुखते ना, भाऊजी." ती म्हणाली. एवढ्या वर्षांत हे तिला विचारणारा तो पहिलाच होता. "कोणी मले कावड वाहू नको म्हणावं, असं नाही म्हणत मी. पण एखाद्या दिवशी दुसऱ्या कोणाच्या खांद्यावर राहिली असती, अन् मी झोपली असती, तं बरं झालं असतं."

बोलून ती गप्प बसली नाही. गावकी बसली होती तिथे गेली आणि उभी राहून म्हणाली, "घरागणिक एक वार लावून घ्या. आठवड्यातून एक दिवस एका घरानं कावड न्यावी. बाकीचं मी पाहीन."

गावकीचा मुखिया मुकाजी पाटील. माणूस गोड बोलायचा. त्यानं उठून तिला नमस्कार केला. "माय, तू का साधी बाई आहेस? तुले देवानं बळ देलं. त्या कावडीले आमी हात लावला तं आमाले पाप लागंल." सगळ्यांनी माना हलवल्या. ढिवराच्या बाईला देवी म्हणताना जात कुणाच्याच आड आली नव्हती. तिच्या जोडीनं गू-मूत काढायची वेळ आली तेव्हा मात्र आली. संध्याकाळी गावकीकडून तिच्या घरी लुगडं आणि नारळ आला. बिरजानं नारळ फोडून टोपलीतल्या माणसांना वाटून टाकला. लुगड्याच्या चिंध्या करून खांद्यावर बांधल्या.

खुशालला संताप आला. ओसरीवरून जाणाऱ्या-येणाऱ्याला तो अडवू लागला. "अरे, ती थकली. देवी म्हणू नका तिले, हात लावा!" लोक त्यालाच सुनवायचे, "तिच्या खांद्यावर बसून राहिला, अन् वरून आमाले शिकवते!" त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं. तिच्या खांद्यावरचं वजन तोच तर होता.

म्हणून एका सकाळी त्यानं टोपलीत बसायला नकार दिला. "वैनी, मी आजपासून येत नाही. राहतो ओसरीवर."

बिरजा दारात कावड घेऊन उभी. एका टोपलीत तुळसा बसलेली. "तुमी नाही बसले तं बुढी कशी जाईन, भाऊजी? दगड ठिऊ का? दगडही उचलाच लागते." तिनं हे चिडून म्हटलं नाही. खुशालनं मान खाली घातली आणि बसला. त्या दिवशी वाटभर तो रडत होता. आपण श्वाससुद्धा हलका घ्यावा, असं त्याला वाटत होतं.

पौष महिना होता. गावात मळणी चालली होती. उन्हं वर आल्यावर बिरजा कावड घेऊन पाळीवर चढली. अर्ध्या पाळीवर ती थांबली. दोन्ही टोपल्या तिनं अगदी हळू, एक धक्का न लागू देता जमिनीला टेकवल्या, आणि दांडा खांद्यावर तसाच ठेवून खाली बसली. दम खात असेल, असं खुशालला वाटलं.

"बिरजे, चाल ना वं," तुळसा म्हणाली. "ऊन डोक्यावर येते."

बिरजा बोलली नाही. खुशालनं हाक मारली. मग मोठ्यानं मारली. पाळीवरून धानाचे भारे घेऊन माणसं खळ्याकडे जात होती. त्यांनी बिरजामायला कावड खांद्यावर घेऊन ताठ बसलेलं पाहिलं. भारा सावरत एका हातानं नमस्कार केला आणि ती माणसं पुढे गेली.

"अरे, पाहा ना तिच्याकडे! ती बोलून नाही राहिली!"

"चूप बस रे, मायचं ध्यान लागलं."

मागून आणखी माणसं आली. त्यांनीही हात जोडले. एका बाईनं पदरातली शेवंती काढून तिच्या पायाशी ठेवली. खुशाल ओरडत होता, शिव्या देत होता, आणि लोक त्याच्यावर वैतागून, बिरजाला नमस्कार करून जात होते. शेवटी त्यानं टोपली आडवी पाडली, मातीवर आदळला आणि कोपरांवर सरपटत तिच्यापर्यंत पोचला. तिचा पाय धरला. भर उन्हात पाय थंडगार होता. तो जो ओरडला, तो आवाज खळ्यावर ऐकू गेला आणि बैल फिरता फिरता जागीच थांबले, असं म्हणतात.

मग काय, गाव लोटला. दर घरातून माणूस आलं. तिरडी बांधली, गुलाल आला, ढोल आला. देवीला खांदा द्यायचा मान आपल्यालाच मिळावा म्हणून धक्काबुक्की झाली. गावातले दांडगे गडी पुढे झाले. त्यांनी तिरडीला हात घातला, जोर लावला.

तिरडी हलेना.

त्यांनी कासोटा खोचला, पुन्हा जोर लावला. गडी बदलले. कुस्ती खेळणारे आले. कपाळाच्या शिरा फुगल्या, बांबू करकरले, पण तिरडी जमीन सोडेना. हाडांची काडं झालेली ती बाई अख्ख्या गावाला उचलेना, असं म्हणतात. लोक घाबरले. कुणी म्हणालं देवी कोपली, कुणी म्हणालं बकरा कापा.

खुशाल सरपटत गर्दीतून पुढे आला. त्याची कोपरं सोलून निघाली होती. तिरडीच्या बांबूला धरून त्यानं मान वर केली. "हे तिचं वजन नाही. आमचं होय. तुमी आमाले एकटीच्या खांद्यावर टाकलं अन् पाया पडत राहिले. आता सांगा, उद्या आमाले कोण उचलंल? ज्याले उचलाचं आहे, त्यानंच तिले हात लावा."

मग मागून एक सासुरवाशीण पुढे आली. तोंडात धरलेला पदर तिनं सोडला. "सोमवार माह्या घरचा. मी स्वतः नेईन. अन् जो कोणी नेईन, त्याच्या घरची चूल त्या दिवशी माह्याकडं."

तिरडी एका बाजूनं उचलली गेली.

मग एक म्हातारा बोलला. मग एक तेली, मग दोघे कुणबी भाऊ. कुणी वार घेतला, कुणी तेल चोळायचं कबूल केलं, कुणी कावड वाहणाऱ्याची शेती सांभाळायचं. दर शब्दासरशी तिरडी हलकी होत गेली. शेवटी मुकाजी पाटील म्हणाला, "गुरुवार माझा," आणि त्यानंही खांदा दिला. तिरडी फुलासारखी वर आली, आणि तुळसाला पाठुंगळी घेऊन कुणीतरी मागून चालू लागलं.

पाळ संपते तिथपर्यंत सगळं ठीक होतं. तिथे पाटलाच्या बाजूचा बांबू अचानक खाली गेला, आणि तिरडी जी जमिनीला टेकली ती पुन्हा उठली नाही. पाटलानं मनात ठरवलं होतं की गुरुवारी आपला सालावर ठेवलेला गडी पाठवून द्यायचा. त्यानं हे शेवटपर्यंत कबूल केलं नाही. पण त्याचा पडलेला चेहरा गावानं पाहिला होता. बिरजा मसणवट्यापर्यंत पोचलीच नाही. लाकडं तिथेच आणली आणि तिथेच तिला अग्नी दिला.

लाखोळीनं गेलेले पाय परत आले नाहीत. तुळसा मरेपर्यंत रोज सकाळी विचारायची, "बिरजा आली काय?" आणि ज्याचा वार असेल तो काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचा. खुशाल पुढे पुष्कळ जगला. टोपलीत बसण्याआधी कावड वाहणाऱ्याचा खांदा तो उघडा करून पाहायचा. खांद्यावर वळ दिसला तर त्या माणसाला घरी झोपायला पाठवून द्यायचा आणि दुसरा येईपर्यंत ओसरीवर बसून राहायचा. कधी दुसरा यायचा, कधी यायचा नाही. वार चुकतही असत. माणसंच होती ती.

पण सावरबोडीनं बिरजाचं देऊळ बांधलं नाही. ती जळाली त्या जागेवर शेंदूर नाही, झेंडा नाही, नारळ फोडायला मनाई आहे. त्या गावात आजही कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस असलं, की वार असलेल्या घरचं कुणीतरी सकाळी येतं. आल्या आल्या आजाऱ्याची चौकशी करत नाही. त्याचं करणारी जी असेल, तिला आधी हाताला धरून पाटावर बसवतं, तिच्यापुढे ताट ठेवतं, आणि ती जेवून झोपल्यावर मगच कामाला लागतं.

आणि तुम्ही परके असाल, तुम्हाला हे ठाऊक नसेल, आणि अशा एखाद्या बाईला पाहून तुमचे हात भरल्या मनानं जोडले गेले, तर रागावू नका. मागून कुणीतरी येईल, तुमचे जोडलेले हात सोडवेल, आणि त्या रिकाम्या हातांत आजाऱ्याचं भांडं देईल, विसळून आणायला.