तिसरा गिअर

“मग दोष आहे तरी कुठं, उस्ताद? प्लग नवे, फिल्टर नवा, कार्बोरेटर उघडून साफ केला. आणि गाडी तरी नापास!”

अभिनंदन चौगुलेच्या हातात धुराच्या चाचणीचा कागद होता. आकडा तीनच्या आत हवा होता. साडेचार आला होता. दुसऱ्यांदा.

मिरजेतल्या या गॅरेजात तो बदरुद्दीन उस्तादांच्या हाताखाली अकरा वर्षं शिकला. आता दुरुस्तीचं सगळं तोच बघायचा आणि उस्ताद दाराशी खुर्ची टाकून बसायचे. त्यांना विचारायला येणं त्याला जड गेलं होतं.

गाडी सव्वीस वर्षांची. मालकीणबाई शशिकला भोकरे, निवृत्त शिक्षिका, पर्स छातीशी धरून उभ्या होत्या. आठवड्यातून तीनदा नवऱ्याला डायलिसिसला त्याच न्यायच्या.

“पीयूसीची मुदत आज संपते,” त्या म्हणाल्या. “दवाखान्याच्या रस्त्यावर रोज गाड्या अडवतायत. उद्या सातला यांना न्यायचंय. मध्येच कुणी थांबवून ठेवलं तर...”

चार वाजून गेले होते. गल्लीतला चाचणीवाला सहाला बंद करायचा.

“एक माणूस आहे,” अभिनंदन हळूच म्हणाला. “गाडी न बघता कागद देतो.”

उस्तादांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. ते उठले, आपली खुर्ची बाईंकडे सरकवली.

“ताई, तुम्ही गाडी कशी चालवता?”

बाई बसल्या. काही बोलल्या नाहीत.

“दोनच किलोमीटर तर जातात त्या...” अभिनंदन सांगू लागला.

उस्तादांनी हात वर केला.

अभिनंदनने घड्याळ बघितलं. परत बघितलं. वरचा पंखा खडखडत होता. उस्तादांचा हात तसाच वर...

“मला गाडी येतच नव्हती,” शेवटी बाई म्हणाल्या. “यांच्या किडन्या गेल्या तेव्हा शिकले. एकसष्टाव्या वर्षी. धक्का बसला की यांना सहन होत नाही. म्हणून हळूहळू...” त्यांचा आवाज खाली गेला. “चार वर्षांत मी तिसरा गिअर टाकलेलाच नाही.”

अभिनंदन बघतच राहिला.

“म्हणजे इंजिन कधी नीट तापलंच नाही! आत नुसती काजळी साचलीय. द्या किल्ली, हायवेला पळवून आणतो.”

“ताई चालवतील,” उस्ताद म्हणाले. “तू शेजारी बस.”

“उस्ताद, वेळ किती राहिलाय...”

“बस.”

हायवेवर मागून ट्रक हॉर्न मारत होते. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत होती. बाईंच्या कपाळावर घाम आला होता. स्टिअरिंग हिसकावून घ्यावं असं अभिनंदनला दोनदा वाटलं. त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले.

“क्लच दाबा, बाई. आता पुढं.”

गिअर खरखरला. मग बसला. इंजिनाचा आवाज मोकळा झाला.

थोड्या वेळानं चौथा पडला आणि आरशात मागं काळा लोट दिसला.

“पेटली का हो?” बाई ओरडल्या.

“नाही. जळतंय ते जळू द्या. थांबू नका.”

पंचवीस मिनिटं गेल्यावर आरशात नुसता रस्ता दिसू लागला.

सहाला दहा कमी असताना ते परतले. चाचणीवाल्यानं शटर अर्धं ओढलं होतं. अभिनंदन पळत गेला, हात जोडले. बाईंना त्यानं इंजिन बंद करू दिलं नाही. चाचणीवाल्यानं मशीनची नळी सायलेन्सरमध्ये घातली. आकडा वर चढला, हलला... आणि दोन पूर्णांक सहावर थांबला.

बाईंनी कागद दोनदा वाचला. घडी घालून पर्समध्ये ठेवला. मग एकदम खाली बघून म्हणाल्या, “यांना सांगितलं तर खरं वाटणार नाही.”

गाडी गल्लीबाहेर पडेपर्यंत अभिनंदन बघत होता. मग तो उस्तादांसमोर येऊन उभा राहिला.

“चुकलं, उस्ताद. यापुढं बॉनेट उघडण्याआधी गिऱ्हाइकाला विचारीन.”

उस्तादांनी खुर्ची परत दाराशी ओढली.

“विचारशील रे... उत्तर येईपर्यंत थांबशील?”